अपूर्ण बीटा कुणाच्या हाती द्यावा?

अर्धविराम
नमस्कार मंडळी. आम्ही तिघेचौघे फावल्या वेळात नोंदी ठेवायचं एक फुकट ॲप करतो. पक्क्या आवृत्तीबद्दल फारशी तक्रार नाही. डोकेदुखी आहे ती बीटाची, म्हणजे चाचणीसाठी आधी वाटतो त्या कच्च्या आवृत्तीची. बीटाची लिंक आजवर उघडी होती, ज्याला हवी त्याने टिचकी मारावी आणि उतरवून घ्यावं. मग कुणीतरी एका व्हिडिओत "नवी फीचर्स सगळ्यांच्या आधी मिळवा" म्हणून ती लिंक दिली आणि टेस्टरांचा पूर आला. टेस्टर आपलं म्हणायचं. आपण बीटा वापरतोय याचाच अनेकांना पत्ता नाही.

पुरातून वाहून आलेला माल असा:

"ॲप चालत नाही. लवकर दुरुस्त करा."
"आधीचंच बरं होतं."
"डार्क मोड कधी???"

आणि याच ढिगात हा एक होता:

"नवी नोंद उघडली, मोठा फोटो जोडला, फोटो चढत असताना विमान मोड लावला. मोड काढल्यावर तीच नोंद दोनदा दिसते. पाच वेळा करून पाहिलं, चार वेळा झालं. फोटो लहान असेल तर होत नाही."

शेवटचं वाक्य लाखमोलाचं. लहान फोटो विमान मोड लागायच्या आतच चढून जातो. मोठ्याच्या वेळी सर्व्हरवर नोंद आधी तयार होते आणि फोटो मागून येत असतो. मधेच नेटवर्क तुटलं की ॲपला वाटतं सगळंच फसलं. ते पहिल्यापासून पाठवतं आणि सर्व्हर इमानेइतबारे दुसरी नोंद करतो. नोंदीला फोनवरच कायमचा क्रमांक दिला की प्रश्न मिटला. हे "लहान असेल तर होत नाही" वाचल्यावर लगेच सुचलं. पण तो रिपोर्ट मुळात वाचला गेला फार उशिरा, कारण त्याच्यावर डार्क मोडवाले बसले होते.

आणखी एक. एका गृहस्थांनी आपली अख्खी रोजनिशी बीटात ठेवली होती. पुढच्या बिल्डमध्ये (म्हणजे बीटाच्या पुढच्या प्रतीत) डेटाबेसची रचना बदलणार, जुन्या नोंदी टिकणार नाहीत, असं सूचनेत ठळक लिहिलं होतं. त्यांनी ते वाचलं नाही. नोंदी गेल्या.

तर लिंक बंद करून, अर्ज मागवून, मोजक्या सक्षम लोकांनाच बीटा द्यावा असं आमचं ठरतंय. निवडायचं कसं? परीक्षा घ्यावी का? अनुभवी लोकांनी सांगावं.

शंकासुर
विरोध नोंदवून ठेवतो. बीटा काढतात कशासाठी? तुमच्याकडे नसलेले फोन, नसलेली नेटवर्कं, नसलेल्या सवयी मिळाव्यात म्हणून. दहा हुशार लोक निवडलेत तर दहा महागडे फोन आणि दहा सारख्या सवयी मिळतील. ॲपलसारख्या झाकून ठेवणाऱ्या कंपनीनेसुद्धा 2014 साली योसेमिटी या मॅकच्या प्रणालीचा बीटा पहिल्या दहा लाख लोकांना खुला केला. मायक्रोसॉफ्टने त्याच वर्षी विंडोजचा बीटा कुणालाही देणारं विंडोज इनसायडर सुरू केलं. ही मंडळी काय वेडी आहेत?

तिरकस
त्यांच्याकडे दहा लाख रिपोर्ट चाळायला पगारी माणसं आहेत. यांच्याकडे तिघेचौघे आणि फावला वेळ.

रात्रपाळी
+१ तिरकस.

लॉगवाचक
शंकासुर, उदाहरण तुम्हीच दिलंत म्हणून जरा सविस्तर लिहितो. पोटापाण्यासाठी टेस्टिंगच करतो, त्यामुळे प्रतिसाद लांबणार.

विंडोज 10 चं ऑक्टोबर 2018 चं अपडेट, 1809, हे 2 ऑक्टोबरला आलं आणि त्याच आठवड्यात मागे घ्यावं लागलं, कारण काही लोकांच्या फाइली उडाल्या. झालं होतं असं. विंडोजमध्ये डॉक्युमेंट्स, पिक्चर्स वगैरे फोल्डर मूळ जागेवरून दुसऱ्या ड्राइव्हवर वळवता येतात. त्याच्या आधीच्या अपडेटनंतर काहींना जुन्या जागी रिकामी जुळी फोल्डरं दिसायला लागली, तशा तक्रारी आल्या. म्हणून 1809 मध्ये ही जुनी फोल्डरं काढून टाकणारा कोड घातला. पण अनेक लोक फोल्डर वळवतात आणि जुन्या फाइली हलवत नाहीत, त्या तिथेच राहतात. कोडने फोल्डर उडवलं ते आतल्या फाइलींसकट.

आता धाग्याशी संबंधित भाग. ही तक्रार बीटाच्या काळात आलेली होती. प्रसिद्धीच्या काही महिने आधीच इनसायडर लोकांनी फीडबॅक हब या विंडोजच्या तक्रारपेटीत फाइली गेल्याचं लिहून ठेवलं होतं. पण हबमध्ये तक्रार वर यायची ती मतांवर, आणि या तक्रारींना मतं अगदी थोडी. साहजिक आहे. फोल्डर वळवणारे मुळात थोडे, त्यात बीटा वापरणारे आणखी थोडे. लाखो लोकांच्या गर्दीत त्यांना दुजोरा देणार कोण? मायक्रोसॉफ्टच्याच म्हणण्यानुसार फाइली गेल्याची तक्रार 1809 बसवलेल्यांपैकी एक टक्क्याच्या शंभराव्या भागाकडून आली होती. त्यानंतर त्यांनी हबमध्ये तक्रार किती गंभीर आहे हे सांगायची सोय केली आणि अपडेट पुन्हा आलं 13 नोव्हेंबरला.

म्हणजे टेस्टर भरपूर होते आणि ज्यांना कळायला हवं त्यांना कळलंही होतं. तुंबलं ते वाचणाऱ्याच्या टोकाला. म्हणून "टेस्टर किती घ्यावेत" याचं माझं उत्तर असं: आलेला प्रत्येक रिपोर्ट तुमच्यातला एक माणूस पूर्ण वाचून, त्याला उलट प्रश्न विचारू शकेल इतकेच. अर्धविराम, तुमच्या बाबतीत हा आकडा लहानच येणार. त्यात कमीपणा काही नाही.

शंकासुर
हे पटण्यासारखं आहे. पण यातून "कमी घ्या" एवढंच निघतं, "सक्षम घ्या" हे निघत नाही. थोडेच घ्यायचे तर चिठ्ठ्या टाका की.

कोरी पाटी
बराच वेळ नुसती वाचत होते. "सक्षम" हा शब्द पाहून लिहायला घेतलं.

मला कोडमधलं ओ की ठो कळत नाही. एका आठवण करून देणाऱ्या ॲपच्या बीटात मी होते, नाव नको. माझा फोन मराठीत आहे, आकडेसुद्धा मराठीत दिसतात. त्या बीटात मी लावलेली एकही आठवण वाजायची नाही. कळवलं तर उत्तर आलं, "आमच्याकडे होत नाही, फोन रीस्टार्ट करा." केला. पुन्हा कळवलं, तेच उत्तर. मग मी दोन स्क्रीनशॉट पाठवले, एक फोन मराठीत असतानाचा आणि एक इंग्रजीत असतानाचा. इंग्रजीत ठेवला की वाजते, मराठीत ठेवला की नाही. तेव्हा कुठे पलीकडे हालचाल झाली.

त्या बीटातले बाकीचे सगळे म्हणे सॉफ्टवेअरवाले होते. त्यांच्यापैकी एकाचाही फोन मराठीत नव्हता. तुमची परीक्षा मी नक्की नापास झाले असते.

रात्रपाळी
कोरी पाटी, दंडवत. हा बग कसा होतो ते सांगतो, अनेकांना उपयोगी पडेल.

अँड्रॉइडवर तारीख किंवा आकडा मजकुरात बदलताना भाषा ठरवून दिली नाही, तर प्रणाली फोनची भाषा धरते. मराठीसाठी ठरलेले अंक देवनागरी. पडद्यावर "२०२५" दिसणं योग्यच आहे. पण त्याच पद्धतीने बनवलेली तारीख जर सर्व्हरला पाठवली किंवा डेटाबेसच्या चौकशीत घुसवली, तर पलीकडचा प्रोग्रॅम 0 ते 9 एवढेच अंक ओळखतो आणि तारीख नाकारतो. क्रॅश नाही, लाल अक्षरं नाहीत, आठवण गुपचूप गायब. अरबी अंकांवरही हेच होतं. माणसाला दाखवायचा आकडा त्याच्या भाषेत आणि यंत्राला द्यायचा आकडा भाषा ठरवून, हे वेगळं ठेवलं की झालं. आता कोड तपासणारी साधनंही यावर इशारा देतात. आपण तो इशारा वाचतो का, हा भाग वेगळा.

लॉगवाचक
आणि शंकासुरांच्या चिठ्ठ्यांचं उत्तर यातच आहे. कोरी पाटी यांनी जे केलं तीच सक्षमता. भाषा बदलून पाहिली, म्हणजे एकच गोष्ट बदलली आणि बाकी सगळं तसंच ठेवलं. वर विमान मोडवाल्याने फोटोचा आकार बदलून पाहिला, तेच. याला कोड यावा लागत नाही. उलट कोड येणारे पुष्कळदा नको तितकं शहाणपण करतात. "तुमच्या सिंकमध्ये रेस कंडिशन आहे" एवढंच लिहितात आणि काय दाबलं ते सांगतच नाहीत. मी निदान मागितलेलं नाही हो, पायऱ्या मागितल्यात!

म्हणून परीक्षा नको. अर्जात एकच प्रश्न ठेवा: "कुठल्याही ॲपमध्ये अलीकडे काही बिघडलेलं दिसलं असेल ते सांगा. आधी काय केलं, काय व्हायला हवं होतं, काय झालं?" उत्तरावरून दोन मिनिटांत माणूस कळतो.

तिरकस
आणि ज्याला एवढं टंकायचा कंटाळा, तो आपोआप गळतो. छान.

विंगेतला
कुंपण कशाचं घालायचं यावर थोडं. पैशाचं घालू नका, कुणी सुचवायच्या आतच सांगतो. ॲपलने 2000 साली मॅक ओएस टेनचा पब्लिक बीटा 29.95 डॉलरला विकला होता. पुढे आयफोनचे डेव्हलपर बीटा वर्षाला 99 डॉलर भरणाऱ्यांसाठी असायचे. झालं काय, तर त्या खात्यावर ठरावीक उपकरणं नोंदवता येत, त्या जागा लोक परस्पर विकायला लागले. थोडे पैसे टाकून कुणीही "डेव्हलपर". शेवटी जून 2023 मध्ये त्यांनी डेव्हलपर बीटा फुकट खात्यालाही खुले केले. पैसे भरलेला माणूस टेस्टर होत नाही, गिऱ्हाईक होतो, आणि गिऱ्हाईक म्हटलं की "पैसे मोजलेत, चालायलाच हवं."

संख्येचंही घालू नका. गूगल प्लेवर 13 नोव्हेंबर 2023 नंतर उघडलेल्या वैयक्तिक खात्यांना ॲप प्रसिद्ध करण्याआधी किमान 20 टेस्टरांकडून सलग 14 दिवस बंद चाचणी करून घ्यायची अट आली. पुढे 20 चे 12 केले. हेतू चांगला. पण लगेच "तू माझं बसव, मी तुझं बसवतो" असे गट निघाले. ॲप बसवायचं, दोन आठवडे ठेवायचं, काढायचं. डोकी मोजली की डोकी पुरवणारे मिळतात.

रात्रपाळी
त्या गटांमधून आलेला एक फीडबॅक माझ्या संग्रही आहे. "Nice app" याचं देवनागरी रूप, बस. ॲप तेव्हा उघडतही नव्हतं.

तिरकस
😂😂

माजघर
दुसऱ्या बाजूने बोलू का? मोजक्यांना देण्यात कंपूशाहीचा धोका मोठा आहे. पहिले चार महिने चांगले जातात. मग त्याच लोकांना ॲपच्या खोडी पाठ होतात. "हे बटण दोनदा दाबावं लागतं" हे त्यांना माहीत असतं म्हणून ते दोनदाच दाबतात आणि कळवत नाहीत. नवा माणूस पहिल्याच दिवशी अडखळतो, पण तो तर कुंपणाबाहेर.

वापरसुलभतेच्या चाचण्यांत जेकब नील्सनचा एक प्रसिद्ध अंदाज आहे, की पाच माणसं बसवली तर सुमारे 85 टक्के अडचणी दिसून येतात. त्यावर वाद आहेत, पण त्याच्या म्हणण्यातला पुढचा भाग लोक विसरतात. पाच बसवा, सुधारा आणि मग पुन्हा नवे पाच बसवा. नवे! तेच पाच वर्षभर धरून ठेवायला त्याने सांगितलेलं नाही.

शंकासुर
कंपूशाही, अगदी हाच शब्द मला सापडत नव्हता. शिवाय निवडलेल्यांना मान मिळाल्यासारखं वाटतं आणि ते गोड बोलायला लागतात. पुढचा बिल्ड हातचा जाईल ही भीती.

अजून एक. ॲप एकट्याने वापरायचं नसून चौघांनी मिळून वापरायचं असेल तर कुंपण अंगाशी येतं. गूगल वेव्ह आठवा, अनेकांनी मिळून एकाच वेळी लिहायचं-बोलायचं साधन. 30 सप्टेंबर 2009 ला सुमारे एक लाख लोकांना आमंत्रणं गेली. आत गेलेल्याला करायला काही नाही, कारण ज्यांच्याबरोबर काम करायचं ते बाहेर. ऑगस्ट 2010 मध्ये गूगलने गाशा गुंडाळला. कारणं आणखीही होती, पण पहिल्यांदा आत जाऊन रिकाम्या खोलीत बसल्यासारखं वाटलं ते वाटलंच. जीमेलही 2004 ला आमंत्रणावरच आलं होतं, पण मेल कुणालाही पाठवता येत होता, म्हणून तिथे निभावलं.

लॉगवाचक
मान्य. नोंदी वाटून घ्यायची सोय तपासायची असेल तर टेस्टर एकेकटे न घेता टोळीने घ्या. एक सक्षम माणूस आणि त्याचे रोजचे दोनतीन सहकारी.

अर्धविराम
प्रतिसादांबद्दल सगळ्यांचे आभार. परीक्षेची कल्पना मागे घेतली. पण रोजनिशीवाल्या गृहस्थांसारखा प्रकार पुन्हा होऊ नये यासाठी काय करता येईल? कितीही निवडून घेतले तरी सूचना न वाचणारा एखादा निघणारच.

रात्रपाळी
सूचना कुणीच वाचत नाही असं धरून चाला. "ओला रंग" अशी पाटी असली तरी हात लावून पाहणारे असतातच. सोय तांत्रिक हवी.

बीटाचं ॲप पक्क्या ॲपहून वेगळं ठेवा. वेगळी ओळख, वेगळं चिन्ह, रंग डोळ्यांत खुपेल असा. दोन्ही शेजारी शेजारी बसली पाहिजेत. क्रोम कॅनरी, फायरफॉक्स नाइटली या ब्राउझरांच्या कच्च्या आवृत्त्या हेच करतात. यामुळे बीटा बिघडला की माणूस पक्क्या आवृत्तीवर काम चालू ठेवतो आणि तुमच्या नावाने शंख करत नाही. दुसरं म्हणजे बीटाला पक्क्या आवृत्तीच्या डेटाबेसला हात लावू देऊ नका. पहिल्यांदा उघडताना नोंदींची प्रत करून घ्यावी आणि प्रतीवर खेळावं. तिसरं, बिल्डला मुदत घाला. ॲपलच्या टेस्टफ्लाइट या बीटा वाटायच्या सोयीवरचा बिल्ड 90 दिवसांनी आपोआप मरतो, ही मला त्यातली सगळ्यात आवडती गोष्ट. नाहीतर दोन वर्षांपूर्वीच्या बीटावरचे बग आजही येत राहतात. अँड्रॉइडवर हे आपलं आपण करावं लागतं, पण चार ओळींचं काम आहे.

आणि बॅकअपचं बटण पहिल्या पडद्यावर. सेटिंगच्या पोटात नको.

विंगेतला
बाडिस (बाय डिफॉल्ट सहमत). एक भर घालतो. बीटावाल्यांनी स्टोअरवर एक तारा देण्याची भीती बाळगू नका. गूगल प्लेवर बीटा टेस्टरचा अभिप्राय फक्त बनवणाऱ्याला दिसतो, जाहीर गुणांकनात धरत नाहीत. ॲपलनेही 2015 मध्ये आयओएसच्या बीटावरून स्टोअरवर अभिप्राय लिहिणं बंद केलं होतं, कारण कच्च्या प्रणालीत ॲप कोलमडलं की लोक ॲपवाल्याला झोडपायचे.

तिरकस
अवांतर: आपल्या पुस्तकातली चूक कुणी शोधली तर संगणकशास्त्रज्ञ डोनाल्ड कनुथ 2.56 डॉलरचा चेक पाठवायचे. 256 सेंट म्हणजे एक "हेक्साडेसिमल डॉलर". लोक तो वटवायचे नाहीत, फ्रेम करून लावायचे. अर्धविराम, बघा जमतंय का.

अर्धविराम
आमच्या चेकवर सही करायला खातं तर हवं 🙂

आता आतापर्यंतचं आमचं ठरलेलं. लिंक बंद. अर्जात लॉगवाचकांचा प्रश्न, आणि फोनचं मॉडेल, फोनची भाषा, अक्षरांचा आकार मोठा ठेवता का, फोन जुना आहे का, एवढंच. उत्तर मराठीत, इंग्रजीत, कसंही चालेल. जागा आम्ही वाचू शकू तेवढ्याच. त्यातल्या काही मुद्दाम अशांसाठी राखून ठेवणार ज्यांचा फोन आमच्यापैकी कुणासारखाच नाही. तिथे अर्जातलं उत्तर थोडं कच्चं असलं तरी घेऊ आणि उलट प्रश्न विचारायची जबाबदारी आमची. दर मोठ्या बिल्डला काही जागा मोकळ्या करून रांगेतल्यांना देणार, माजघर यांचा मुद्दा लक्षात ठेवून. बीटाचं चिन्ह भगभगीत जांभळं झालं आहे, आमच्यातल्याच एकाला ते बघवत नाही, म्हणजे जमलं असावं.

माजघर
जागा मोकळ्या कशाच्या आधारावर करणार? जो रिपोर्ट पाठवत नाही तो काढणार असाल तर घाई नको. काही लोकांच्या फोनवर खरंच काही बिघडत नाही, आणि "इथे ठीक चाललंय" हीसुद्धा माहितीच आहे.

लॉगवाचक
बरोबर. दर बिल्डनंतर एक छोटा प्रश्न पाठवा: "अमुक गोष्ट करून पाहिलीत का? झाली, नाही झाली, पाहिली नाही." "पाहिली नाही" म्हणणारा प्रामाणिक आहे, त्याला ठेवा. अजिबात उत्तरच न देणाऱ्याला एकदा विचारून मग काढा. आणि काढल्याचं कळवा, नुसता बिल्ड बंद करू नका. नाहीतर तो पुन्हा "ॲप चालत नाही" असं लिहील आणि तुम्ही दिवसभर बग शोधत बसाल.

कोरी पाटी
अर्ज भरला. भाषेच्या रकान्यात "इतर" निवडावं लागलं, यादीत मराठी नाहीये. पायऱ्या: अर्ज उघडला, तिसरा रकाना दाबला, यादी शेवटपर्यंत सरकवली. फोन इंग्रजीत करूनही पाहिलं, तरी नाही.

अर्धविराम
घातली. तुमचा अर्ज मंजूर.